मधुमेहात आयलेट पेशींचं रोपण: इन्सुलिन खरंच सुटतं का? कोणाला उपयोग, कोणाला नाही, सविस्तर माहिती

‘एका इंजेक्शनात शुगर कायमची बंद’, ‘परदेशात सापडला मधुमेहावर इलाज’, ‘नव्या पेशी टाका, इन्सुलिन सोडा’ असे मेसेज आणि व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतात. त्यातले बरेचसे खोटे असतात. मात्र काहींच्या मागे एक खरा उपचार आहे. त्याचं नाव आयलेट पेशींचं रोपण. मेलेल्या दात्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि रुग्णाच्या शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. कॅनडा, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत तो गेली पंचवीसेक वर्षं होतो आहे आणि त्यामुळे काही रुग्णांचं इन्सुलिन खरोखर सुटलं आहे.

पण ‘काही रुग्णांचं’ हा शब्द महत्त्वाचा. हा उपचार सगळ्या शुगरवाल्यांसाठी नाही. तो झाल्यावर दुसरी औषधं आयुष्यभर घ्यावी लागतात आणि ती इन्सुलिनपेक्षा सोपी नसतात. अर्धी माहिती ऐकून कोणी आजच इन्सुलिन बंद केलं, तर जीव जाऊ शकतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेणं गरजेचं आहे.

थोडक्यात महत्त्वाचं

- आयलेट रोपण हे मुख्यतः टाइप १ मधुमेहाच्या मोजक्या रुग्णांसाठी आहे. ज्यांची साखर वारंवार धोकादायक खाली जाते, त्यांच्यासाठी.
- गोळ्यांवर असलेल्या, वयाच्या चाळिशी-पन्नाशीत शुगर लागलेल्या बहुतेक लोकांना याचा उपयोग नाही.
- रोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायम घ्यावी लागतात.
- इन्सुलिन सुटलं तरी अनेकांना काही वर्षांनी ते पुन्हा थोडं घ्यावं लागतं.
- भारतात हा उपचार नेहमीच्या उपचारासारखा मिळत नाही. कोणी पैसे घेऊन ‘पेशी टाकून शुगर बरी करतो’ म्हणत असेल तर सावध राहा.

आयलेट म्हणजे नेमकं काय?

जठराच्या मागे, पोटात आडवा बसलेला साधारण वीतभर लांबीचा एक अवयव असतो. तो स्वादुपिंड. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाज म्हणतात. याची दोन कामं. एक, अन्न पचवणारा रस बनवून आतड्यात सोडणं. दुसरं, रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन बनवणं.

स्वादुपिंडाचा बहुतेक भाग पाचक रसाच्या कामाला असतो. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मात्र छोट्या छोट्या पुंजक्यांत, बेटांसारख्या विखुरलेल्या असतात. इंग्रजीत छोट्या बेटाला आयलेट म्हणतात, म्हणून हे नाव. एका निरोगी माणसाच्या स्वादुपिंडात असे सुमारे १० लाख पुंजके असतात. एकेक पुंजका मिठाच्या कणापेक्षाही लहान. सगळे मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम १ ते २ टक्के भरतात. या पुंजक्यांतल्या बीटा पेशी रक्तातली साखर सतत मोजतात. माणूस जेवला, साखर वाढली, की इन्सुलिन सोडतात. साखर उतरू लागली की हात आखडता घेतात.

बाहेरून सुईने घेतलेलं इन्सुलिन हे मोजमाप करू शकत नाही. जितकं टोचलं तितकं ते काम करतं. जेवण चुकलं, शेतात अंगमेहनत जास्त झाली, उलट्या झाल्या, तरी टोचलेलं इन्सुलिन साखर उतरवतच राहतं. जिवंत पेशींचं रोपण करण्याची धडपड यासाठीच आहे.

टाइप १ आणि टाइप २: हा फरक आधी समजून घ्या

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच बीटा पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते. हा आजार बहुतेक वेळा लहानपणी किंवा तरुणपणी लागतो, पण कोणत्याही वयात लागू शकतो. या रुग्णाचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्याला पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागतं आणि ते बंद करून चालत नाही.

टाइप २ मध्ये सुरुवातीला इन्सुलिन बनतं, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. पुढे हळूहळू पेशीही थकत जातात. आपल्याकडचे बहुतेक शुगरवाले या गटातले. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. २०२३ मध्ये ही पाहणी प्रसिद्ध झाली. ग्रामीण भागात प्रौढांपैकी सुमारे ९ टक्के लोकांना मधुमेह असल्याचं तिच्यात दिसलं. ‘शुगर हा शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार’ हा समज आता मागे पडला आहे.

आयलेट रोपणाचे आजवरचे प्रयोग आणि मान्यता मुख्यतः टाइप १ साठी आहेत. टाइप २ मध्ये नवीन पेशी टाकल्या तरी शरीर इन्सुलिनला दाद देत नाही हा मूळ प्रश्न तसाच राहतो. तिथे वजन, आहार, चालणं आणि नियमित औषधं यांचाच खरा उपयोग होतो.

दीडशे वर्षांची धडपड

१८६९ साली जर्मनीत पॉल लँगरहॅन्स या वैद्यकीय विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडात हे वेगळे पुंजके दिसले. तेव्हा तो अवघा २१ वर्षांचा होता. हे पुंजके करतात काय, हे मात्र त्याला उमगलं नव्हतं. पुढे त्यांना त्याचंच नाव मिळालं. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘लँगरहॅन्सची द्वीपे’ म्हणून जे शिकवतात ते हेच.

१८८९ मध्ये मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. आजाराचं मूळ कुठे आहे ते त्यातून कळलं. १८९३ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे डॉक्टरांनी मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे १५ वर्षांच्या एका मुलाच्या शरीरात बसवून पाहिले. तो मुलगा तीन दिवसांत दगावला. तेव्हा इन्सुलिनचा शोधही लागलेला नव्हता आणि टाइप १ मधुमेह म्हणजे मृत्यू हे ठरलेलंच होतं.

१९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं काढलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि तो वाचला. तेव्हापासून आजपर्यंत टाइप १ च्या रुग्णाला जगवणारं औषध इन्सुलिनच आहे.

पेशी रोपणाचा खरा रस्ता १९६७ नंतर खुला झाला. अमेरिकेतले पॉल लेसी यांनी कोलॅजिनेज नावाचं विकर वापरून उंदरांच्या स्वादुपिंडातून आयलेट सुटे करून दाखवले. १९७२ मध्ये अशा पेशी टाकून उंदरांचा मधुमेह ताब्यात आला. माणसाच्या बाबतीत मात्र गाडी अडली होती. १९८८ मध्ये कॅमिलो रिकॉर्डी यांनी माणसाच्या स्वादुपिंडातून भरपूर आयलेट काढता येतील अशी यंत्रपद्धत तयार केली. तरीही १९९० च्या दशकात जगभर झालेल्या २६७ रोपणांपैकी जेमतेम ८ टक्के रुग्ण वर्षभर इन्सुलिनशिवाय राहू शकले.

एडमंटनमधले सात रुग्ण

२००० साली चित्र बदललं. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटन शहरात डॉ. जेम्स शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांवर रोपण केलं. सातही जण टाइप १ चे, आणि सातही जणांची साखर अचानक धोकादायक खाली जात असे. रोपणानंतर सातही जणांचं इन्सुलिन सुटलं.

त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या. तोपर्यंत रोपणानंतर स्टिरॉइड देत असत. स्टिरॉइडमुळे साखर वाढते आणि नव्या पेशींवर ताण येतो. एडमंटनच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड वगळून प्रतिकारशक्ती दाबणारी दुसरी औषधं दिली. शिवाय त्यांनी एका रुग्णाला एकाच दात्याच्या पेशींवर न थांबता दोन किंवा त्याहून जास्त दात्यांच्या पेशी दिल्या. शरीराच्या दर किलो वजनामागे त्यांनी ११ हजारांहून जास्त आयलेट दिले. म्हणजे ६० किलोच्या माणसाला सात लाखांच्या आसपास. या पद्धतीला ‘एडमंटन प्रोटोकॉल’ म्हणतात आणि आजचे उपचार त्याच पायावर उभे आहेत.

पेशी काढतात कशा, टाकतात कशा?

मेंदू मृत झालेल्या दात्याच्या घरच्यांनी संमती दिली की स्वादुपिंड काढून थंड द्रावणात ठेवतात आणि काही तासांत खास प्रयोगशाळेत नेतात. तिथे त्यात विकर सोडून ते हळूहळू विरघळवतात आणि हलवत राहतात. मळणीत दाणे आणि भुसा वेगळा करावा तसं इथे आयलेट एका बाजूला आणि उरलेलं मांस दुसऱ्या बाजूला करतात. या सगळ्यात निम्म्याहून जास्त आयलेट वाया जातात. शेवटी हाती उरतो तो माल चहाच्या एक-दोन चमच्यांत मावेल इतकाच.

रुग्णाचं पोट मोठं फाडावं लागत नाही. बहुतेक वेळा बरगड्यांखालच्या भागाला भूल देऊन, सोनोग्राफी आणि एक्स-रेवर पाहत, कातडीतून एक बारीक नळी यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत घालतात. सलाइन लावल्यासारखी पेशींची पिशवी वर टांगतात आणि पेशी रक्ताबरोबर यकृतात उतरतात. तासाभरात काम होतं.

यात रक्तस्राव होणं किंवा यकृताच्या रक्तवाहिनीत गुठळी होणं हे दोन मुख्य धोके असतात. ते फार वेळा होत नाहीत, पण होतात.

पेशी स्वादुपिंडात परत न बसवता यकृतात का सोडतात, असा प्रश्न अनेकांना पडतो. स्वादुपिंड नाजूक अवयव आहे. त्याला धक्का लागला की पाचक रस सांडून आजूबाजूचे अवयव सुजतात. यकृतात पेशींना रक्त मिळतं, आणि तिथे बनलेलं इन्सुलिन लगेच कामाला लागतं.

टाकलेल्या पेशींतल्या बऱ्याचशा सुरुवातीच्या दिवसांतच मरतात. उरलेल्या पेशींभोवती नव्या रक्तवाहिन्या तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून रोपणानंतरही काही काळ इन्सुलिन चालूच ठेवतात आणि पेशी कामाला लागतील तसं कमी करतात. अनेकांना दुसऱ्यांदा पेशी द्याव्या लागतात.

पाच वर्षांनी काय झालं?

एडमंटनच्या डॉक्टरांनी २००५ साली ६५ रुग्णांचा हिशेब मांडला. पाच वर्षांनी पूर्णपणे इन्सुलिनशिवाय राहिलेले रुग्ण साधारण १० टक्के होते. बाकीच्यांना थोडंफार इन्सुलिन परत सुरू करावं लागलं होतं. दुसऱ्या बाजूने, सुमारे ८० टक्के रुग्णांच्या शरीरात टाकलेल्या पेशी अजून काही ना काही काम करत होत्या.

हे ‘काही ना काही काम’ कमी समजू नये. पेशी थोड्या जरी जिवंत असल्या तरी साखर अचानक तळाला जाणं थांबतं. ज्या माणसाला झोपेत साखर उतरून झटके येत होते, ज्याच्या घरचे रात्री उठून तो श्वास घेतो का ते पाहत होते, त्याला रोज दहा युनिट इन्सुलिन घ्यावं लागलं तरी त्याचं आयुष्य बदललेलं असतं.

पुढे पद्धत सुधारत गेली. अमेरिकेत ४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २०१६ मध्ये आले. वर्षभरानंतर ८७.५ टक्के रुग्णांची साखर चांगल्या ताब्यात होती आणि त्यांना साखर धोकादायक उतरण्याचा त्रास नव्हता. पूर्णपणे इन्सुलिन सुटलेले मात्र साधारण निम्मेच होते. डॉक्टर या उपचाराचं यश ‘इन्सुलिन सुटलं का’ यापेक्षा ‘धोका टळला का’ यावर मोजतात ते यामुळेच.

इन्सुलिन सुटतं, पण गोळ्या लागतात

दुसऱ्याच्या पेशी शरीरात गेल्या की प्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून मारायला धावते. त्यात टाइप १ मध्ये ही शक्ती बीटा पेशींवर आधीच उलटलेली असते. म्हणून तिला दाबून ठेवणारी औषधं पेशी चालू असेपर्यंत रोज घ्यावी लागतात. किडनी बसवलेला रुग्ण घेतो तशीच.

या औषधांमुळे जंतुसंसर्ग लवकर होतो आणि गंभीर होतो. तोंड येतं, रक्त कमी होतं, काही औषधांनी किडनीवर परिणाम होतो. काही प्रकारच्या कॅन्सरचा, विशेषतः त्वचेच्या आणि लसिका ग्रंथींच्या, धोका वाढतो. काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत. नियमित रक्ततपासणी आणि मोठ्या रुग्णालयाच्या फेऱ्या सुटत नाहीत.

इन्सुलिन नीट चालू असलेल्या, साखर बऱ्यापैकी ताब्यात असलेल्या माणसासाठी हा सौदा तोट्याचा आहे. लहान मुलांना तर हा उपचार सहसा देतच नाहीत. एवढी वर्षं ही औषधं घेणं त्यांच्या अंगावर येऊ शकतं.

मग हा उपचार कोणासाठी?

परदेशात साधारण असे रुग्ण निवडतात:

- टाइप १ मधुमेह असलेले प्रौढ.
- साखर वारंवार इतकी खाली जाते की दुसऱ्याची मदत लागते.
- साखर उतरताना घाम, थरथर, भूक अशी सूचना ज्यांना मिळतच नाही; थेट शुद्ध हरपते.
- चांगलं इन्सुलिन, सतत साखर मोजणारं यंत्र, इन्सुलिन पंप वापरूनही त्रास थांबलेला नाही.
- ज्यांची किडनी आधीच बदललेली आहे. त्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच असतात, त्यामुळे नवा बोजा कमी पडतो.

ब्रिटनमध्ये २००८ पासून हा उपचार सरकारी आरोग्य सेवेतून मोफत होतो, पण तोही अशाच निवडक रुग्णांना. अमेरिकेत २८ जून २०२३ रोजी औषध प्रशासनाने ‘लँटिड्रा’ या दात्याच्या पेशींच्या उपचाराला मान्यता दिली. मान्यतेआधीच्या अभ्यासात ३० रुग्ण होते. त्यांतल्या २१ जणांना वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ इन्सुलिन लागलं नाही. त्यांपैकी १० जण पाच वर्षांहून अधिक काळ इन्सुलिनशिवाय राहिले. ५ जणांचं इन्सुलिन एक दिवसही सुटलं नाही.

स्वतःच्याच पेशी परत: वेगळा प्रकार

काही लोकांना स्वादुपिंडाची जुनाट सूज असते. पोटात असह्य कळा येतात, कोणत्याही औषधाने त्या थांबत नाहीत. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून पूर्ण स्वादुपिंड काढतात. ते काढलं की मधुमेह होणारच. म्हणून त्याच माणसाच्या स्वादुपिंडातले आयलेट वेगळे करून त्याच्याच यकृतात सोडतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९७७ मध्ये हे पहिल्यांदा झालं. पेशी स्वतःच्याच असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागत नाहीत. पण हा उपचार स्वादुपिंडाच्या दुखण्यासाठी आहे. टाइप १ च्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे त्याला तो लागू पडत नाही.

स्टेम सेलची बातमी किती खरी?

दात्यांची कमतरता ही या उपचाराची सर्वात मोठी अडचण. म्हणून शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, आयलेट तयार करत आहेत. यात खरंच प्रगती झाली आहे.

अमेरिकेतल्या व्हर्टेक्स कंपनीने अशा पेशींची चाचणी घेतली. २०२५ मध्ये तिचे निकाल आले. पूर्ण डोस मिळालेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांना एका वर्षानंतर इन्सुलिन लागत नव्हतं. पण त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली. चाचणीतल्या एकूण रुग्णांपैकी दोघांचा मृत्यू झाला. त्यातला एक मेंदूच्या आवरणाच्या बुरशीजन्य संसर्गाने झाला.

चीनमध्ये एका २५ वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्याच पेशींपासून आयलेट बनवून ते पोटाच्या स्नायूत बसवले. अडीच महिन्यांनी तिचं इन्सुलिन सुटल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. ती यकृत रोपणामुळे आधीपासून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत होती, हे बातम्यांत बहुतेकदा सांगितलं जात नाही. स्वीडनमध्ये दात्याच्या पेशींत जनुकीय बदल करून, त्या प्रतिकारशक्तीच्या नजरेत येणार नाहीत अशा बनवून, एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत टाकल्या. दाबणारी औषधं न देताही त्या तीन महिन्यांनंतर जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. मात्र पेशी थोड्या दिल्याने त्या रुग्णाचं इन्सुलिन सुटलेलं नाही.

ही सगळी कामं चाचणीच्या पातळीवर आहेत. आशा ठेवायला जागा आहे, पण बाजारात विकत घेण्यासारखं त्यात अजून काही नाही.

भारतात काय स्थिती?

दात्याच्या आयलेटचं रोपण आपल्याकडे नेहमीच्या उपचारात नाही. त्यासाठी लागणारी खास प्रयोगशाळा खर्चिक असते आणि दाते कमी आहेत. २०२३ साली मृत्यूनंतर अवयव देणारे दाते देशभरात मिळून सुमारे १,१०० होते. एका दात्याकडून स्वादुपिंड एकच मिळतं, आणि एका रुग्णाला कधी कधी दोन दाते लागतात. हिशेब सरळ आहे.

देशातल्या काही मोठ्या रुग्णालयांत, किडनी निकामी झालेल्या टाइप १ च्या रुग्णांवर किडनी आणि पूर्ण स्वादुपिंड असं दोन्ही बसवण्याची शस्त्रक्रिया होते. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, पण यशस्वी झाली तर इन्सुलिन दीर्घकाळ सुटू शकतं. महाराष्ट्रात मिळालेले अवयव कोणाला द्यायचे हे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रांमार्फत ठरतं. अवयवांची खरेदी-विक्री हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अवयवदानाची माहिती १८००११४७७० या राष्ट्रीय टोल फ्री क्रमांकावर मिळते.

फसवणूक कशी ओळखायची?

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेहावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच देता येतो. म्हणून पुढच्या गोष्टी दिसल्या की मागे फिरा:

- ‘टाइप १ असो की टाइप २, सगळ्यांना चालतं’ असं सांगणं.
- ‘शंभर टक्के खात्री’ देणं.
- चाचणी आहे म्हणायचं आणि उपचाराचे लाखभर रुपये मागायचे.
- भारतीय चाचणी नोंदणीचा, म्हणजे सीटीआरआयचा, क्रमांक विचारल्यावर टाळाटाळ करणं.
- पहिल्याच भेटीत इन्सुलिन बंद करायला सांगणं.

शेवटची गोष्ट सर्वात धोक्याची. टाइप १ च्या रुग्णाने इन्सुलिन बंद केलं तर एक-दोन दिवसांतच उलट्या, पोटात दुखणं, जोराने धाप लागणं, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येणं सुरू होतं. रक्तात आम्ल साचतं, रुग्ण बेशुद्ध होतो आणि दगावू शकतो. अशी लक्षणं दिसली तर गावठी उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठा.

तोवर हातातलं इन्सुलिन सांभाळा

*साखर उतरली तर:* घाम फुटणं, हातपाय थरथरणं, भूक लागणं, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलणं अडखळणं ही लक्षणं. मीटरवर आकडा ७० च्या खाली असेल तर चहाचे तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमी असेल तर पुन्हा साखर घ्या. सावरल्यावर भाकरी-पोळी खा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

*इन्सुलिन ठेवायचं कुठे:* न उघडलेली बाटली फ्रिजच्या साध्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वापरू नका. वीज जात असेल किंवा फ्रिज नसेल तर मडक्याचा उपाय चालतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू घाला, त्यात छोटं मडकं बसवा, इन्सुलिन डबीत घालून आत ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. वाळू रोज ओली करा, मडकं सावलीत ठेवा. वापरात असलेली बाटली साधारण चार आठवड्यांत संपवा.

*शेतात, प्रवासात:* खिशात साखर किंवा गूळ ठेवा. सोबतच्या माणसाला आजाराची कल्पना द्या. शाळेत जाणाऱ्या मुलाला टाइप १ असेल तर वर्गशिक्षकांना साखर उतरल्यावर काय करायचं ते सांगून ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आई-वडील मुलाला पेशी देऊ शकतात का?*
जपानमध्ये क्योटो इथे २००५ साली आईच्या स्वादुपिंडाचा भाग काढून मुलीला आयलेट दिले होते. पण यात देणाऱ्यालाच पुढे मधुमेह होण्याचा धोका असतो. म्हणून हा मार्ग रूढ झाला नाही.

*रोपणानंतर गोडधोड खाता येतं का?*
नव्या पेशी मोजक्या असतात. त्यांच्यावर ताण नको म्हणून आहार, व्यायाम आणि साखर तपासणं चालूच ठेवावं लागतं.

*माझ्या घरी टाइप १ चा रुग्ण आहे. साखर सारखी उतरते. काय करू?*
रोपणाच्या आधी करण्यासारखं बरंच असतं. इन्सुलिनचा प्रकार आणि वेळ बदलणं, इंजेक्शनची जागा बदलत राहणं, जेवणाचा मेळ बसवणं, जमल्यास साखर मोजणारं सेन्सर लावणं. साखर किती वेळा, किती वाजता उतरली हे वहीत लिहा. ती वही घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मधुमेहाच्या डॉक्टरांना भेटा. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय इन्सुलिनचा एकही डोस बंद करू नका.